काल्दो व्हेर्दे : मिन्योचं बटाट्याचं सूप, आपल्या विळीवर

पोर्तुगालच्या जुन्या भाजीमंडयांत एक यंत्र बघायला मिळतं. हाताने फिरवायचं चाक, त्याला धारदार पाती आणि समोर एक पसरट नळकांडं. भाजीवाली त्यात रुंद हिरव्या पानांची जुडी कोंबते, दांडा गरगर फिरवते आणि पलीकडून अगदी बारीक चिरलेला पाला पडत जातो. तो पिशवीत भरून गिऱ्हाईक घरी नेतं. ही सगळी यंत्रणा एका सुपासाठी आहे. त्याचं नाव काल्दो व्हेर्दे, म्हणजे हिरवा रस्सा.

बटाट्याचं सूप म्हटलं की आपल्याकडे हॉटेलातलं पांढरं, क्रीम घातलेलं, वर चीज किसलेलं प्रकरण डोळ्यांपुढे येतं. हे त्या जातीचं नाही. यात दूध नाही, लोणी नाही, मैदा नाही, भाज्यांचा किंवा हाडांचा अर्कही नाही. बटाटा, कांदा, लसूण, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल आणि पाला. वर सॉसेजची एक चकती. एवढ्यातच भागवायचं तर कुठली गोष्ट कधी घालायची आणि किती, यालाच सगळं महत्त्व येतं. आणि हे कधी-किती ठरवलं ते मिन्यो भागातल्या शेतकऱ्यांच्या तंगीने. म्हणून कृतीच्या आधी थोडं त्या मुलखाविषयी. ते माहीत असलं की कृती पाठ करावी लागत नाही.

ओला मुलूख, लहान वावरं

मिन्यो म्हणजे पोर्तुगालचा वायव्य कोपरा. ब्रागा, गिमारायन्श, व्हियाना दो काश्तेलो ही तिथली मोठी गावं. उत्तरेला मिन्यो नदी, नदीपलीकडे स्पेनचा गालिसिया. पोर्तुगाल म्हटल्यावर तापलेली जमीन आणि ऑलिव्हच्या बागा आठवतात, पण ते चित्र दक्षिणेचं. मिन्योत पाऊस भरपूर, खडक ग्रॅनाइटचा, आणि वाटण्या होत होत जमिनीचे इतके तुकडे पडलेले की एकेका घराच्या वाट्याला दोन-चार लहान वावरं उरावीत. वावरात मका, बांधावर उंच चढवलेल्या द्राक्षवेली, घराच्या मागच्या दाराशी पाल्याची झाडं. अशी इंच इंच वापरलेली जमीन कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

मका तिथे अमेरिकेतून १६व्या शतकात आला आणि त्याने शेतीच पालटली. सोआजो आणि लिंदोजो या गावांत कणसं साठवायची दगडी कोठारं अजून रांगेने उभी आहेत, उंदीर चढू नयेत म्हणून खांबांवर उचललेली. बटाटाही अमेरिकेचाच, पण तो उशिरा रुळला. १८व्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तर पोर्तुगालातल्या डोंगराळ भागात गरिबाचं पोट चेस्टनटवर भरायचं. सुकवून, उकडून, सुपात घालून. पुढे १९व्या शतकात चेस्टनटच्या झाडांची मुळं कुजवणारा रोग पसरला आणि बटाट्याचं पारडं जड झालं. तेव्हा ‘प्राचीन’ म्हणून मिरवलं जाणारं हे सूप आजच्या रूपात दोन-सव्वादोनशे वर्षांहून जुनं असायचं कारण नाही. पाल्याचं पाणीदार कालवण जुनं. त्याला बटाट्याने दाटपणा दिला तो अलीकडे.

घरोघरी एक डुक्कर पोसलेलं असे. हिवाळ्यात ते कापायचं, मांसाचे तुकडे लसूण, वाइन आणि लाल गोड मिरचीची पूड लावून आतड्यात भरायचे आणि चुलीवरच्या धुरात टांगायचे. हा झाला शोरिसो. तो पुढे कितीतरी महिने पुरवायचा, म्हणून वाडग्यात चकती एकच. ऑलिव्ह तेल मोजून, म्हणून ते शिजवण्यात न घालवता शेवटी कच्चं, जिथे त्याचा वास लागेल. तेल नसेल तेव्हा खारवून मुरवलेली डुकराची चरबी. आणि आगीवर तीन पायांचं एकच लोखंडी भांडं, म्हणून सगळं एकात.

पुढे हे गरिबाचं सूप देशाचं झालं. २०११ साली पोर्तुगालात लोकांच्या मतांवर देशातल्या खाद्यपदार्थांची सात आश्चर्यं निवडली गेली, त्यात भाजलेल्या सार्डिन माशांच्या आणि पास्तेल दे बेलें या कस्टर्ड भरलेल्या गोड पदार्थाच्या बरोबरीने काल्दो व्हेर्दे आहे.

सामान (पाच-सहा वाडग्यांसाठी)

बटाटे, सोलून ६०० ग्रॅम
मध्यम कांदा १
लसूण ३ मोठ्या पाकळ्या (गावठी असेल तर ६)
पाणी दीड लिटर
पाला २५० ग्रॅम. देठ आणि जाड शिरा काढल्यावर दीडशेच्या आसपास उरतो
एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल ५ टेबलस्पून
मीठ २ सपाट चहाचे चमचे, मग चवीप्रमाणे
शोरिसो किंवा गोव्याचा चोरीस १०० ग्रॅम (न खाणाऱ्यांसाठी पुढे सांगितलं आहे)

मिरं नाही, जिरं नाही, हिंग नाही. तमालपत्र घालणारे घालतात, पण न घातलेलं बरं.

बटाटा कुठला घ्यायचा

पिठूळ. शिजल्यावर कडा विरघळणारा, रस्सा दाट करणारा. पातळ सालीचा नवा बटाटा शिजूनही आकार धरून राहतो. तो रश्शाच्या भाजीला उत्तम, इथे उपयोगाचा नाही. पुण्या-मुंबईच्या बाजारात आग्रा, इंदूर, तळेगाव अशी नावं ऐकू येतात. ती माल कुठून आला ते सांगतात, वाण सांगत नाहीत. भाजीवाल्याला सरळ ‘वेफर्सचा बटाटा’ मागावा. कुफरी चिप्सोनासारखे वाण तळण्यासाठीच तयार केलेले आहेत. त्यांच्यात पाणी कमी आणि पिष्ट जास्त. कुफरी पुखराज दिसायला छान पिवळसर, पण पाणीदार. तोच हाताशी असेल तर पाणी पाव लिटरने कमी करा.

शीतगृहातून नुकताच निघालेला बटाटा गोड लागतो, कारण थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते. भाजीत मसाल्याखाली ते लपतं, इथे मसालाच नाही. असा बटाटा दोन आठवडे टोपलीत, अंधारात, घरातल्या तापमानाला ठेवला की बराचसा ताळ्यावर येतो. फ्रिजमध्ये बटाटा ठेवू नये तो याचसाठी. हिरवट झालेले आणि फार मोड आलेले बटाटे मात्र टाकूनच द्या. त्यातलं विषारी द्रव्य शिजवून जात नाही.

पाला

सुपाला रंग आणि नाव या पाल्याने दिलं. मिन्योत जो पाला वापरतात त्याला कोव्ह गालेगा म्हणतात. ही गड्डा न धरणारी कोबी. एक उंच दांडा, त्यावर मोठाली, गर्द, किंचित निळसर पानं. खालची पानं खुडत जायची, दांडा वर वाढत जातो. जुनं झाड माणसाच्या छातीला लागतं. एकदा लावलं की महिनोन्‌महिने भाजी पुरते, म्हणून ते गरिबाच्या परसात असायचंच.

आपल्याकडे ते मिळत नाही. पण त्याची सख्खी भावंडं रोज मंडईत येतात आणि कचऱ्यात जातात. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल या सगळ्या एकाच वनस्पतीच्या जाती. शास्त्रीय नाव ब्रासिका ओलेरासिया. कोव्ह गालेगाही तीच. यांत माझी पहिली पसंती नवलकोलच्या पानांना. भाजीवाले ती मोडून बाजूला टाकतात आणि गड्डे तेवढे विकतात. सकाळी लवकर गेलात आणि पानांसकट द्या म्हणालात तर तो वर आनंदाने देईल. चव जवळजवळ तीच, थोडी कडसर, आणि चिरल्यावर उकळीत टिकतात. दुसरी निवड फ्लॉवरच्या गड्ड्याला बिलगलेली कोवळी पानं. तिसरी कोबीच्या बाहेरची गडद हिरवी पानं. आतली पांढरी घेतलीत तर सूप हिरवं होणार नाही. काश्मिरी हाक, म्हणजे तिकडची पालेभाजी, कुठे मिळाला तर सगळं सोडून तोच घ्या. मोठ्या दुकानांत कुरळ्या पानांचा केल मिळतो. चालतो, पण महाग आहे आणि कुरळेपणामुळे बारीक चिरायला त्रास देतो.

पालक? गोव्यात बऱ्याच घरांत पालकच घालतात आणि ते सूप वाईट नसतं. पण पालक मऊ पडतो, बुळबुळीत होतो, दाताखाली काही येत नाही. काल्दो व्हेर्देची अर्धी गंमत दाट रश्शात पाला चावायला लागण्यात आहे. मोहरीचा पाला आणि शेपू घेऊ नका, बटाट्याला झाकून टाकतात. मुळ्याचा कोवळा पाला अडीअडचणीला.

चिरणं, हेच खरं काम

या सुपात कौशल्य लागतं ते एवढ्याच जागी. पाला इतका बारीक चिरायचा की तीन-चार मिनिटांच्या उकळीत शिजावा आणि चमच्यातून लोंबू नये. पानांचे नुसते तुकडे केले तर ते शिजायला पंधरा मिनिटं घेतात, तोवर रंग जातो आणि कोबीचा तो उग्र वास घरभर सुटतो. हा वास कोबीवर्गातल्या गंधकाच्या संयुगांचा. जितकं जास्त शिजवाल तितका वाढतो. बारीक चिरणं हा शोभेचा भाग नाही, त्याच्यामुळेच शिजवायचा वेळ कमी होतो.

पानं आधी स्वच्छ धुऊन निथळा. मधली जाड शीर दोन्ही बाजूंनी सुरी फिरवून काढा. शिरा फेकू नका, दुसऱ्या दिवशी पिठलं किंवा आमटीत जातात. पाच-सहा पानं एकावर एक ठेवा, अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करा आणि आडवी कापा. रुंदी दोन मिलिमीटरच्या आत हवी, एक जमली तर फारच छान.

इथे मला विळीची बाजू घ्यायची आहे. पाटावर सुरीने चिरताना प्रत्येक कापाला सुरी उचलावी लागते आणि गुंडाळी सुटत जाते. विळीवर पातं स्थिर, दोन्ही हात गुंडाळीला मोकळे. डावा हात दाबून धरतो, उजवा पुढे सरकवतो. कोबीची पचडी ज्यांच्या हातून केसागणिक बारीक चिरली जाते, त्यांना मंडईतल्या त्या चाकाच्या यंत्राची गरज नाही. गोव्यात आदोळीवर, म्हणजे तिकडच्या विळीवर, हेच करतात. पातं मात्र धारेचं हवं. बोथट पात्याने पान चिरडतं, रस निघून जातो आणि चिरलेला पाला काळवंडतो. फूड प्रोसेसर वापरणार असाल तर चकत्या करायचं पातं लावा; चुरा करणारं लावलंत तर चटणी होईल.

पानं जून असतील तर चिरलेला पाला थंड पाण्यात एकदा खळबळून, मुठीत हलका दाबून निथळा. कडसरपणा कमी होतो. कोवळ्याला गरज नाही.

बटाट्याचा रस्सा

बटाट्याच्या सारख्या आकाराच्या फोडी करा, साधारण तीन सेंटिमीटरच्या. कांद्याचे चार तुकडे, लसूण सोलून अख्खा. हे सगळं जाड बुडाच्या पातेल्यात घाला, वर दीड लिटर थंड पाणी, मीठ आणि २ टेबलस्पून ऑलिव्ह तेल. पोर्तुगीज शोरिसो मिळाला असेल तर त्याचा अख्खा तुकडा सुरीच्या टोकाने दोन ठिकाणी टोचून यातच सोडा.

पाणी थंडच घ्यायचं. उकळत्या पाण्यात बटाटा टाकला तर बाहेरचा भाग विरघळतो आणि आतला कच्चा राहतो.

आणि कांदा परतायचा नाही. फोडणीशिवाय पातेलं गॅसवर ठेवायचं म्हणजे आपला हात शिवशिवतो, मला मान्य आहे. पोर्तुगालातही काही घरी आधी कांदा-लसूण तेलात परततात. पण परतल्याने गोडवा आणि खमंगपणा येतो आणि चव ओळखीच्या वाटेने जाते. नुसत्या उकडलेल्या कांद्याची मंद चव बटाट्याला मागे ढकलत नाही. एकदा असं करून बघा, मग ठरवा.

उकळी आली की आच मध्यम करून, अर्धवट झाकण ठेवून २० ते २५ मिनिटं शिजू द्या. शोरिसो पंधरा मिनिटांनी काढून घ्या. बटाटा पळीने दाबल्यावर विनातक्रार फुटला पाहिजे. प्रेशर कुकरला दोन शिट्ट्या पुरतात, पण मग पाणी सव्वा लिटरच घ्या, कारण कुकरमध्ये ते आटत नाही.

आता हे सगळं एकजीव करायचं. यासाठी पुरणयंत्रासारखं साधन नाही, आणि पोर्तुगीज घरांतही सुपासाठी तेच यंत्र असतं, पास्-व्हीत नावाचं. बारीक जाळी लावा, फोडी आणि कांदा-लसूण थोड्या पाण्यासकट फिरवून घ्या, खाली पडलेलं परत पातेल्यात. पुरणयंत्र नसेल तर बटाटे बाहेर काढून पळीने चाळणीतून दाबा, किंवा पातेल्यातच रवीने घोटा. मग अधेमधे कण राहतील, ते चालतात.

मिक्सर मात्र शेवटचा पर्याय. शिजलेल्या बटाट्याच्या पेशींमध्ये फुगलेलं पिष्ट असतं. जोरात फिरणारं पातं पेशी फोडतं, ते पिष्ट बाहेर येतं आणि सूप चिकट, तार सुटणारं होतं. एकदा तसं झालं की दुरुस्त होत नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर मिश्रण कोमट करा, भांडं अर्धंच भरा आणि दोन-तीन सेकंदांचे थांबून थांबून चार झटके द्या. हँड ब्लेंडरलाही हेच लागू.

दाटपणा बघायचा तो असा: डाव बुडवून वर काढला तर त्याच्या पाठीवर पातळ थर राहावा, पण ओतल्यावर सूप सरळ वाहावं. चमचा उभा राहील असं सूप मिन्योत कोणी करणार नाही. निवताना ते आणखी दाटतं हे लक्षात ठेवून थोडं पातळच सोडा. दाट वाटलं तर उकळतं पाणी घाला. पातळ झालं तर झाकण काढून पाच-दहा मिनिटं आटवा. कॉर्नफ्लोअरच्या डब्याला हात लावू नका.

मीठ आत्ताच चाखा. बटाटा मीठ पुष्कळ खातो, आणि पाला पडल्यावर मीठ ढवळत बसायला वेळ नसतो.

शेवटची पाच मिनिटं

माणसं ताटावर बसल्यावर पुढचं काम. रस्सा खळखळून उकळवा, आच मोठी ठेवा. पाला मुठीमुठीने, मोकळा करत टाका. एकदम टाकला तर गोळा होतो आणि उकळी बसते. झाकण ठेवू नका.

झाकण न ठेवण्याला कारण आहे. पाला गरम होताना त्यातली आम्लं मोकळी होतात आणि ती हरितद्रव्यातला मॅग्नेशियम काढून टाकतात. त्यामुळे हिरवा रंग शेवाळी, मग तपकिरी होतो. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जातात, झाकण असेल तर पुन्हा पातेल्यातच पडतात. सोडा घातला तर रंग टिकतो हे खरं, पण पाला लिबलिबीत होतो आणि क जीवनसत्त्व जातं.

नवलकोल किंवा फ्लॉवरच्या पानांना तीन ते पाच मिनिटं, केलला पाच, पालकाला जेमतेम एक. घड्याळापेक्षा दाताचं ऐका: पाला शिजलेला पण जिवंत हवा. गॅस बंद करून उरलेलं ३ टेबलस्पून ऑलिव्ह तेल वरून ओता, एकदा ढवळा. हे तेल शिजवायचं नाही. इथे साधं रिफाइंड ऑलिव्ह तेल घालण्यात अर्थ नाही, त्याला वासच नसतो. शेंगदाण्याचं घाण्याचं तेल घातलं तर सूप चविष्ट होतं, पण ते वेगळंच काहीतरी होतं.

वाडगे आधी गरम पाण्याने धुऊन घ्या. तिकडे मातीचे वाडगे वापरतात; आपल्याकडे भाजलेल्या मातीची खोलगट भांडी मिळतात, ती झकास. प्रत्येकात शोरिसोची एक चकती ठेवा आणि वरून सूप ओता. दोन ठेवल्या तर कोणी रागावणार नाही. मी एकच ठेवते. पातेल्यातल्या रश्शाला वास लागलेला असतोच.

चोरीस आणि चोरीसाशिवाय

गोव्याचा चोरीस मूळचा त्याच घराण्यातला, पण इथे येऊन पार बदलला. पोर्तुगीज शोरिसोचा जीव धूर, लसूण आणि वाइनमध्ये. गोव्याच्या चोरिसाचा व्हिनेगर, लाल मिरच्या आणि उन्हात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. तो चोरीस रश्शात शिजवू नका. एक तर तिखट-आंबट चव बटाट्याला गिळून टाकते. दुसरं म्हणजे व्हिनेगर हे आम्ल, आणि आम्ल हिरव्या रंगाचं काय करतं ते वर आलंच आहे. वेगळ्या कढईत अर्धी वाटी पाण्यात मंद आचेवर शिजवा, पाणी आटलं की त्याच्याच चरबीत परता, आणि वाढताना वाडग्यात वरून थोडा ठेवा. लाल तेलाचे चार थेंब हिरव्यावर दिसतातही सुंदर.

शाकाहारी मंडळींनी हे सूप आपलं नाही असं समजू नये. उपासाच्या शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत कॅथलिक घरांत मांस वर्ज्य असायचं, आणि गरिबाघरी शोरिसो संपलेला असायचाच. सूप तेव्हाही होतच होतं. फक्त धुराचा वास हवा असेल तर दोन उपाय आहेत. एक, २ टेबलस्पून ऑलिव्ह तेलात ठेचलेली लसूण मंद गरम करा, गॅस बंद करा, मग चमचाभर धुरावलेली पाप्रिका त्यात घालून वरून थेंब सोडा. पाप्रिका नसेल तर ब्याडगीची पूड. रंग येतो, तिखटपणा बेताचा. दुसरा उपाय जळत्या कोळशाचा: रस्सा एकजीव झाल्यावर, पाला टाकायच्या आधी, पातेल्यात तरंगेल अशा वाटीत निखारा ठेवून त्यावर थेंबभर तेल टाका आणि दोन मिनिटं झाका. त्याहून जास्त नको, सूप धुरकट लागेल. व्हेज सॉसेज नावाने जे मिळतं ते मला यात अजिबात आवडत नाही.

बरोबर मक्याचा पाव

मिन्योत सुपाबरोबर ब्रोआ असतो: मक्याच्या पिठाचा जाड सालीचा, आतून ओलसर, जड पाव. बुडवून खायचा किंवा तुकडे वाडग्यातच टाकायचे. घाई असेल तर मक्याची भाकरी थोडी जाड थापून, खरपूस भाजून घ्या. धान्य तेच, सुपाला शोभते. गोव्याची पोई, म्हणजे तिकडचा कोंड्याचा पाव, तीही चांगली.

वेळ असेल तर ब्रोआ करा. २५० ग्रॅम मक्याचं पीठ परातीत घ्या. कॉर्नफ्लोअर नव्हे, पिवळं दळलेलं पीठ. त्यात चमचाभर मीठ आणि ३०० मिलिलिटर उकळतं पाणी घालून कालथ्याने कालवा. मक्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, उकड काढल्याशिवाय तो धरत नाही. भाकरी करणाऱ्याला हे सांगायला नको. कोमट झाल्यावर २५० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि लागेल तसं १०० मिलिलिटरपर्यंत कोमट पाणी घालून दहा मिनिटं मळा. पीठ चिकटच राहतं, मैदा वाढवू नका. दीड तास झाकून ठेवा, ओल्या हाताने गोल करून वर भरपूर मैदा भुरभुरा, अर्धा तास आणखी ठेवा. २२० अंशांवर तापवलेल्या ओव्हनमध्ये ४० मिनिटं. साल तडकते, तडकलीच पाहिजे. पूर्ण निवल्याशिवाय कापू नका. आत गरम असताना गिच्च लागतो.

गोव्यात, आणि गोव्यापलीकडे

१५१० ते १९६१ या साडेचारशे वर्षांत पोर्तुगालातून गोव्यात पाव आला, व्हिनेगर आलं, चोरीस आला, आणि हे सूपही. गोव्याच्या कॅथलिक घरांत जेवणाआधी सूप घ्यायची पद्धत आहे, तिच्यात काल्दो व्हेर्दे बसलं. फरक असा की मिन्योत हे सूप आणि पाव म्हणजे शेतकऱ्याचं रात्रीचं जेवण होतं, गोव्यात ती मेजवानीची सुरुवात झाली. त्यामुळे गोव्याचं सूप बरेचदा पातळ, गुळगुळीत आणि पाला आतच वाटलेलं असतं. पाला वाटला की ते पालकाचं सूप होतं, एवढीच माझी तक्रार.

मिन्योचे लोक पोटासाठी ब्राझीलला गेले, १९६०च्या दशकात लाखो पोर्तुगीज फ्रान्सला गेले. सूप त्यांच्याबरोबर गेलं. ब्राझीलमध्ये ते आता हिवाळ्याचं सूप आहे, जूनच्या जत्रांत मिळतं.

खुद्द पोर्तुगालात त्याची वेळ रात्रीची. लिस्बनला १२ जूनच्या रात्री संत आंतोनियोचा उत्सव, पोर्तोत २३ जूनच्या रात्री संत जॉनचा. गल्लीबोळांत सार्डिन भाजत असतात आणि शेजारी या सुपाची पातेली. फादो गाण्याच्या बैठकांतही उशिरा हेच येतं. लग्नाची मेजवानी दुपारी सुरू होऊन मध्यरात्र उलटली की नाचून दमलेल्या पाहुण्यांना गरम वाडगे वाटतात. हे जमतं कारण रस्सा आधी करून ठेवता येतो आणि पाल्याला पाचच मिनिटं लागतात.

तुमच्याकडे वीस माणसं जेवायला असतील तर हाच हिशेब धरा: अडीच किलो बटाटे, सहा लिटर पाणी, पाला साफ करून सहाशे ग्रॅम. रस्सा सकाळी करा, निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये टाका. आपल्या हवेत उकडलेल्या बटाट्याचं पातेलं दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. चिरलेला पाला ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घाला. रात्री रस्सा गरम करताना बुडाला लागतो, तेव्हा आधी कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा, मग आच वाढवा. पाला सगळा एकदम टाकू नका, पंगतीपुरताच टाका. पाला पडलेलं सूप उरलंच तर दुसऱ्या दिवशी रंगाने उतरेल, चवीला ठीक असेल. नुसता रस्सा तीन दिवस टिकतो. फ्रीझरमध्ये ठेवलात तर बटाटा फुटल्यासारखा रवाळ दिसेल. गरम करून रवीने घोटला की पुन्हा मिळून येतो.